पाणबुडीपासून टीनाच्या पोटापर्यंत

जानेवारीतली गोष्ट. पीर पंजालच्या दक्षिण उतारावर आमची पलटण होती. नेमकी जागा सांगत नाही, आणि फौजी वाचकांना ती सांगायची गरजही नाही. रोज पहाटे रस्ता उघडायला तुकडी निघायची, म्हणजे आपली आरओपी, आणि सगळ्यात पुढे टीना असायची. सहा वर्षांची काळी लॅब्राडोर, स्फोटकं हुंगणारी. काही सापडलं की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, फक्त खाली बसायचं, हे तिचं शिक्षण. टीना बसली की चाळीस माणसं जागच्या जागी थांबत. तिच्या बसण्यावर विश्वास ठेवून त्या रस्त्यावरून किती गाड्या गेल्या असतील, मोजदाद नाही.

एके सकाळी तिचा हँडलर, हिमाचलचा एक नाईक, माझ्या कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. "साब, टीना बर्फ पर लाल कर रही है।"

बाहेर जाऊन पाहिलं. पांढऱ्या बर्फावर दहा पावलांवर एक असे गुलाबी डाग होते. ती पुन्हा पुन्हा बसत होती, जोर करत होती, दोन थेंब पडत होते. नाईक म्हणाला की दोन दिवस असंच चाललंय, आधी बर्फ नव्हता म्हणून रंग कळला नाही.

आमच्या भागाचा पशुवैद्यकीय अधिकारी डोंगरापलीकडे, आणि मधला रस्ता बर्फाने बंद. म्हणून टीनाला खालच्या गावातल्या एका खाजगी पशुवैद्याकडे पाठवलं. संध्याकाळी सोनोग्राफीचा कागद आला. चार ओळी. मूत्राशयाची भिंत जाड, मानेजवळ गाठीसारखं काहीतरी, कर्करोगाची शक्यता, पुढील तपासणी करावी.

मी तो कागद दोनदा वाचला आणि माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला: कर्करोग. समोर रस्ता रोज उघडायचा होता. कुत्र्याशिवाय आरओपी म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी ॲडज्युटंटला बोलावलं आणि टीनाला कामावरून कमी करून बदली कुत्रा मागवण्याचं पत्र टाइप करायला सांगितलं. पत्र टाइप होऊन सहीसाठी माझ्या टेबलावर आलं, तेव्हा नाईक बाहेर व्हरांड्यात टीनाला कांबळ्यात गुंडाळून बसला होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण पलटणीत पत्र टाइप होण्याआधीच बातमी लंगरात पोचलेली असते.

सही करण्याआधी मी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला फोन लावला, तेही सल्ल्यासाठी नव्हे, नुसतं कळवण्यासाठी. तो मेजर आपल्याकडचाच, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला. १८८६ साली सुरू झालेलं ते कॉलेज, आणि तिथल्या मुलांना त्याचा अभिमानही तेवढाच जुना. मी कागद वाचून दाखवला. पलीकडे जरा शांतता होती. मग त्याने एकच विचारलं, "सर, स्कॅन केलं तेव्हा पिशवी भरलेली होती का?"

मला अर्थातच माहीत नव्हतं. नाईकाला विचारलं. तो म्हणाला, आत नेण्याच्या जरा आधीच तिने दारात केली होती, थोडी थोडी तीन वेळा.

"मग सही करू नका सर," मेजर म्हणाला. "रस्ता उघडला की मी येतो."

रस्ता उघडायला तीन दिवस लागले. त्या तीन रात्री बंकरमध्ये, बुखारीशेजारी, मला एका जुन्या गोष्टीची फार आठवण झाली. टीनाच्या पोटावर फिरवलेलं ते यंत्र मुळात डॉक्टरांसाठी जन्माला आलेलंच नाही. ते आपल्या, म्हणजे लढणाऱ्यांच्या, धंद्यातून आलं. आणि 'शक्यता' हा शब्द वाचायला ज्यांनी प्राण देऊन शिकवलं, तेही आपल्याच धंद्यातले. म्हणून टीनाचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी थोडा इतिहास.

१८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों नावाच्या स्विस संशोधकाने आणि त्याच्या स्टर्म या मित्राने एक प्रयोग केला. दोन होड्या, मध्ये सुमारे साडेतेरा किलोमीटर पाणी. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली. घंटेवर टोला पडायचा त्याच क्षणी होडीवर बंदुकीची दारू पेटायची. दुसऱ्या होडीतला माणूस रात्रीच्या अंधारात तो भडका पाहायचा, घड्याळ चालू करायचा आणि पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून घंटेची वाट पाहायचा. नऊ सेकंदांहून थोड्या जास्त वेळाने आवाज यायचा. त्यावरून त्यांनी पाण्यातला आवाजाचा वेग काढला, सेकंदाला १४३५ मीटर. तोफेची चमक पाहून आवाज येईपर्यंत सेकंद मोजणाऱ्या कुठल्याही गनरला ही रीत ओळखीची वाटेल.

वेग कळला की अंतर कळतं. आवाज पाठवा, तो कशावर तरी आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजा, निम्मा करा. पण त्यासाठी अगदी बारीक, माणसाच्या कानापलीकडचा आवाज निर्माण करता यायला हवा. त्याची किल्ली १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या भावांना सापडली. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर वीज निर्माण होते. उलटही खरं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. म्हणजे एकच तुकडा तोंडही होऊ शकतो आणि कानही.

ही किल्ली पस्तीसेक वर्षं प्रयोगशाळेतच राहिली. ती बाहेर आली पहिल्या महायुद्धात. जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकमध्ये धुमाकूळ घातला होता. ७ मे १९१५ रोजी लुसिटेनिया बुडालं. पाण्याखालचा शत्रू पाहायचा कसा, हा दोस्त राष्ट्रांपुढचा जीवनमरणाचा प्रश्न झाला. पिएर क्यूरीचाच विद्यार्थी पॉल लांजवँ याने, शिलोव्स्की या रशियन अभियंत्याच्या कल्पनेवरून सुरुवात करून, पोलादाच्या दोन तबकड्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाण्यात आवाजाचा झोत सोडणारं यंत्र बनवलं. त्या झोतात आलेले मासे मरत आणि हात घातला तर कळ येई, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. १९१८ मध्ये पाण्याखालच्या पाणबुडीवरून प्रतिध्वनी परत आला. पण ते यंत्र कामाला लागण्याआधीच युद्ध संपलं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर हे तंत्र पोचलं होतं. ते त्याला ॲस्डिक म्हणत, आज आपण सोनार म्हणतो. दागिने घडवणारा नव्हे. आणि इथेच माझ्या गोष्टीचा गाभा आहे. यंत्र आलं तेव्हा आरमाराला वाटलं, पाणबुडीचा प्रश्न सुटला. सुटला नाही. यंत्राला फक्त प्रतिध्वनी येतो. तो पाणबुडीवरून आला, की देवमाशावरून, की माशांच्या थव्यावरून, की तळाशी पडलेल्या जुन्या जहाजावरून, हे यंत्र सांगत नाही. पाण्याच्या गरम-थंड थरांवरून आवाज वाकतो आणि खरी पाणबुडी त्याखाली लपूनही राहते. जर्मनांनी तर यावर युक्तीच काढली. बोल्ड नावाचा एक डबा पाणबुडीतून सोडायचे. त्यातलं कॅल्शियम हायड्राइड समुद्राच्या पाण्याला लागलं की बुडबुड्यांचा मोठा ढग होई. सोनारवर तो ढग हुबेहूब पाणबुडीसारखा दिसे. जहाजं बुडबुड्यांवर बॉम्ब टाकत बसत आणि खरी पाणबुडी निघून जाई.

खडकवासल्याचा माझा एक कोर्समेट नौदलात गेला. ॲकॅडमीत आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. तो मला एकदा म्हणाला होता, "तुमच्याकडे 'कॉन्टॅक्ट' म्हणजे गोळीबार सुरू झाला. आमच्याकडे कॉन्टॅक्ट म्हणजे प्रश्न सुरू झाला." सोनारवर काही लागलं की त्याला आधी दर्जा द्यावा लागतो: पाणबुडी असण्याची शक्यता आहे, दाट शक्यता आहे, किंवा खात्री आहे. दर्जा वाढवायचा तर पुन्हा पाहायचं. जहाजाची दिशा बदलून पाहायचं, ते हलतंय का पाहायचं, प्रतिध्वनीचा सूर ऐकायचा, नकाशावर तिथे बुडालेलं जहाज नोंदलेलं आहे का पाहायचं. पहिली पायरी आणि तिसरी पायरी यांच्यामध्ये माणसाचं डोकं असतं.

आणि चूक दोन्हीकडून महाग पडते, हेही त्यानेच सांगितलं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या टॉर्पेडोने बुडाली. ती पाणबुडीच्याच शोधात होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. दिसलेल्या प्रत्येक सावलीवर बॉम्ब टाकणं जसं चूक, तसं खरी सावली हुकणं त्याहून भयंकर. म्हणून नौदलात कोणी 'कॉन्टॅक्ट' शब्द हलकेपणाने वापरत नाही.

आता समुद्रातून शरीरात. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सोनार आणि रडारची विद्या शिकलेले बरेच लोक आणि जुनी यंत्रं मोकळी झाली. त्याच तत्त्वावर पोलादातल्या भेगा शोधणारी यंत्रंही कारखान्यांत आली होती. लोखंडातली भेग दिसते, तर माणसाच्या पोटातला खडा का दिसणार नाही? १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेथेस्डा इथल्या नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग या डॉक्टरने हे करून पाहिलं. माणसाच्या पित्ताशयातले खडे त्याने प्राण्यांच्या शरीरात बसवले आणि बाहेरून आवाजाने शोधले. ते प्राणी कुत्रे होते.

हे मला त्या बंकरमध्ये आठवलं तेव्हा मी व्हरांड्याकडे पाहिलं. शरीरातला खडा आवाजाने शोधण्याच्या अगदी पहिल्या धड्यात, आरमाराच्या एका प्रयोगशाळेत, कुत्र्यांनी स्वतःचं अंग दिलं होतं. त्याच कामात लुडविगने निरनिराळ्या मांसपेशींतून आवाज किती वेगाने जातो ते मोजलं, आणि सरासरी निघाली सेकंदाला १५४० मीटर. आज जगातलं जवळजवळ प्रत्येक सोनोग्राफी यंत्र हाच आकडा धरून अंतर काढतं. टीनाच्या पोटात तीन सेंटिमीटर खोल असलेल्या भिंतीवरून आवाज परत यायला सेकंदाचा पंचवीस हजारावा भागसुद्धा लागत नाही. पण हिशेब तोच, जिनिव्हाच्या दोन होड्यांचा.

डेन्व्हरमध्ये डग्लस हाउरीने बी-२९ बॉम्बर विमानाच्या तोफेच्या घुमटात पाणी भरून त्यात माणसाला बसवलं आणि भोवती प्रोब फिरवला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्डने १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन तिथल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राखाली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी ठेवल्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक तुकडाही आणून दिला होता. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्याला तिथे दिसलं. हा डोनाल्डही युद्धात रॉयल एअर फोर्सचा डॉक्टर, जळत्या विमानातून माणसं बाहेर काढल्याबद्दल गौरवलेला.

त्याची एक रुग्ण सोनोग्राफीच्या इतिहासात अमर झाली आहे. पोट फुगलेली, खंगलेली बाई. तिला पोटाचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग आहे असं ठरलं होतं. डोनाल्डने यंत्र लावलं. आत भरीव काही नव्हतं, पाण्याने भरलेली प्रचंड गाठ होती. ती काढली, बाई बरी झाली. डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन या तिघांचा लेख ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला आणि वैद्यकात या विद्येला मान मिळाला. पुढे १९६३ च्या सुमारास डोनाल्डच्याच लक्षात आलं की बाईचं मूत्राशय भरलेलं असलं तर त्यामागचं गर्भाशय स्वच्छ दिसतं. द्रव आवाजाला अडवत नाही, तो खिडकीचं काम करतो. सोनोग्राफीआधी पाणी प्यायला का लावतात, त्याचं उत्तर हे. भरलेली पिशवी म्हणजे उघडी खिडकी, रिकामी पिशवी म्हणजे चुरगळलेला पडदा.

चौथ्या दिवशी मेजर आला. सोबत सुटकेसएवढं यंत्र. मेडिकल इन्स्पेक्शन रूममधल्या टेबलावर टीनाला घेतलं, पोटावरचे केस भादरले, जेल लावलं. नाईक तिच्या डोक्याशी उभा. मेजरने मला पडद्यासमोर उभं केलं. "सर, तुम्हीच वाचा. मी सांगतो."

पहिलं चित्र मला त्या कागदासारखंच वाटलं. मध्ये काळा छोटासा डाग, म्हणजे लघवी, भोवती जाड करडी भिंत. मेजर म्हणाला, "ही आत्ताच करून आलीय. रिकाम्या पिशवीची भिंत निरोगी कुत्र्यातही जाड दिसते. फुगा हवा सोडल्यावर जाड होतो ना, तसं. भरलेल्या पिशवीत साधारण दीड मिलिमीटर, रिकाम्या पिशवीत सव्वादोनच्या आसपास. त्यामुळे किती भरली होती हे कळल्याशिवाय 'भिंत जाड' या शब्दांना अर्थ नाही."

पण ही पिशवी भरणार कशी? आग होत असल्याने ती दर दहा मिनिटांनी थेंब थेंब करत होती. मेजरने बारीक नळी आत घातली, आधी तपासणीसाठी लघवीचा नमुना घेतला. एरवी पोटातून सुई घालूनही नमुना घेतात, आणि तो जास्त स्वच्छ मिळतो, पण कर्करोगाची शंका असताना तो सुई टाळतो. गाठीतल्या पेशी सुईच्या वाटेवर रुजण्याची भीती असते. मग त्याच नळीतून सलाइन हळूहळू आत सोडलं, हवेचा बुडबुडा जाऊ न देता. "बुडबुडे गेले तर आपणच आपल्याला फसवू," तो म्हणाला. मला बोल्डचा डबा आठवला.

पडद्यावर काळं वर्तुळ फुगत गेलं. करडी भिंत ताणून पातळ होत गेली. मानेजवळच्या बाजूला ती सरळ, गुळगुळीत रेघ झाली. "ही जागा महत्त्वाची," मेजर म्हणाला. "कुत्र्यांत मूत्राशयाचा कर्करोग बहुतेकदा इथे, मानेजवळ, बसतो. रुंद बुडाचा, खडबडीत, भिंतीत रुतलेला." पुढच्या, खालच्या बाजूला भिंत मात्र भरल्यावरही जाडच राहिली. जंतुसंसर्गाने सुजलेली पिशवी बऱ्याचदा अशी दिसते.

आणि ती गाठ? मानेपाशी करड्या रंगाचा एक गोळा होताच. मेजरने यंत्राचं बटण फिरवून रक्तप्रवाह पाहिला. जिवंत गाठीत रक्त वाहतं, पडद्यावर रंगीत ठिपके लुकलुकतात. इथे एकही ठिपका नाही. "हे पुरेसं नाही," तो म्हणाला, "लहान गाठीत प्रवाह इतका मंद असतो की दिसत नाही." मग तो नाईकाला म्हणाला, "उठाओ इसको।" टीनाला उभं केलं. मेजरने खालून प्रोब लावला, पोटाला हाताने दोन हलके धक्के दिले. तो करडा गोळा भिंतीवरून सुटला आणि सावकाश तरंगत तळाशी आला.

रक्ताची गुठळी.

नाईकाला पडदा दिसत नव्हता. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्याला काय दिसलं माहीत नाही, पण त्याने टीनाच्या मानेत तोंड घातलं.

"थांबा, अजून आहे," मेजर म्हणाला. तळाशी एक चकचकीत पांढरी कमान होती आणि तिच्यामागे काळा पट्टा, जणू टॉर्चच्या उजेडात बोट धरलंय. "आवाज खड्याच्या पलीकडे जात नाही, म्हणून मागे सावली." पण याची खात्री करायलाही त्याने वेळ घेतला. मूत्राशयाला लागूनच मोठं आतडं असतं. त्यातली विष्ठा आणि हवा पिशवीची भिंत आत ढकलते, तेव्हा तिथे खडा असल्याचा हुबेहूब भास होतो, सावलीसकट. म्हणून त्याने प्रोब नव्वद अंशांत फिरवून पाहिला. आतडं असेल तर ते लांब नळीसारखं दिसतं. टीनाला पुन्हा कुशीवर निजवलं. कमान घरंगळत पिशवीच्या नव्या तळाशी गेली. खडा खाली पडतो, हवा वर जाते, आतडं जागेवर राहतं, भिंतीची गाठ भिंत सोडत नाही. इतकी साधी परीक्षा. पण त्यासाठी कुत्र्याला दोनदा हलवावं लागतं, आणि आधीच्या स्कॅनला ते जमलं नसावं, कारण पिशवीच रिकामी होती.

खडा कशाचा, हे मात्र पडदा सांगत नाही. लघवी तपासली, त्यात जंतू होते. पुढे एक्स-रे काढला, त्यातही खडा दिसला. मादी कुत्र्यांत जंतूंमुळे होणारा जो खडा असतो, स्ट्रुव्हाइट, तो बऱ्याचदा योग्य अँटिबायोटिक आणि खास आहाराने विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा असता तर विरघळला नसता, काढावाच लागला असता. मेजरने पहिला मार्ग धरला आणि स्पष्ट सांगितलं, की महिन्याने खडा लहान झालेला दिसला नाही तर आपला अंदाज चुकला असं समजायचं.

खडा लहान झाला. सातव्या आठवड्यात दिसेनासा झाला. त्यानंतर काही दिवसांनी टीना पुन्हा रस्त्यावर होती.

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. त्या संध्याकाळी चहा घेताना मी मेजरची जरा जास्तच तारीफ केली. त्याने मला थांबवलं. म्हणाला, "सर, दोन वर्षांपूर्वी असाच एक कुत्रा होता. मी त्याला स्वतः भरवून मोठा केला होता. मला ती गुठळी हवी होती. मी तीनदा स्कॅन केलं. उभं केलं, हलवलं, पिशवी धुतली. ती हलली नाही. चौथ्यांदा करायला निघालो तेव्हा हँडलरच म्हणाला, साब, रहने दो।" पेशींच्या तपासणीत कर्करोगच निघाला. "पुन्हा पाहायचं ते चांगली बातमी काढण्यासाठी नाही. आहे ते कळण्यासाठी."

मी त्या गावातल्या पशुवैद्याबद्दल काही कडू बोललो होतो, तेही त्याने दुरुस्त केलं. टेबलावरचा कागद उचलून त्याने एका शब्दावर बोट ठेवलं. "त्यांनी शक्यता लिहिलंय. पुढील तपासणी करावी, असंही लिहिलंय. बरोबरच लिहिलंय." शक्यता त्या डॉक्टरने लिहिली होती, खात्री मी वाचली होती. मला रस्ता उघडायचा होता, निर्णय हवा होता, आणि घाईतल्या माणसाला 'कदाचित' वाचता येत नाही. एरवी हाच मी, गस्तीतला पोरगा रेडिओवर "हालचाल दिसली" म्हणाला की विचारतो: कुठे, किती, कुठल्या बाजूला, गाय तर नाही ना? त्या दिवशी टीनाच्या बाबतीत मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

निवृत्त झालेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुत्रं आहे, म्हणून मेजरने सांगितलेलं थोडं लिहून ठेवतो. लघवीत रक्त दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा, किती वेळा आणि किती होते ते नोंदवा. सोनोग्राफीला नेताना दारात करू देऊ नका, आणि तिने केलीच तर डॉक्टरांना सांगा. अहवालात 'भिंत जाड' असं असेल तर पिशवी किती भरलेली होती ते विचारा. 'गाठ' असं असेल तर ती कुत्र्याला उभं केल्यावर हलली का, ते विचारा. नमुना घेण्याआधी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका, नाहीतर जंतू सापडत नाहीत. आणि कुत्रा जोर करतोय पण थेंबही येत नाही, विशेषतः नर कुत्रा, तर सकाळची वाट पाहू नका. खडा वाटेत अडकला असेल तर ते काही तासांचं काम असतं, आणि मूत्रमार्गाचा काही भाग हाडांमागे असल्याने तो सोनोग्राफीत दिसतोच असं नाही.

ते न सही केलेलं पत्र मी फाडलं नाही. पोस्टिंग बदलली तेव्हा कागद आवरताना पुन्हा हाती आलं. मागच्या कोऱ्या बाजूवर मेजरने त्या दिवशी मला समजावताना पेनाने काढलेली आकृती आहे: एक वर्तुळ, तळाशी एक छोटी कमान, तिच्यामागे सावलीच्या दोन रेघा. ते आता माझ्या नव्या कचेरीत टेबलाच्या काचेखाली आहे. सहीला कागद येतात ते त्याच्यावरच ठेवले जातात.